परत आलेला फॉर्म

आदरणीय काका,

मी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. बी.ए. झालंय, घरीच शिलाईकाम करते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाचा स्कॉलरशिपचा फॉर्म मोबाइलवर भरून दिला, तेव्हापासून गल्लीतली पोरं माझ्याकडंच येतात. गेल्या वर्षी तिघांचे भरले. एकाचे पैसे आले. दुसऱ्याच्या नावापुढं आधार आणि बँकेचं काहीतरी दाखवतं. तिसरीचा फॉर्म कॉलेजातून परत आला म्हणे, पण ती पुन्हा गेलीच नाही. दुसऱ्या मुलाचे वडील चारचौघांत म्हणाले, "हिच्या नादाला लागून पोराचं वर्ष गेलं." तेव्हापासून माझं मन उठलंय.

आता एक मुलगी आलीय. पीयूसी, म्हणजे बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेत. वडील तीन वर्षांपूर्वी वारले, आई विड्या वळते. आम्ही मराठा, म्हणजे कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीत ३ बी. तिला बी.एस्सी. करायचंय, पण निपाणीत घ्यायचं की अर्जुननगरला, यावर चुलत्यांचा वाद चाललाय. आई म्हणते, मायक्रोफायनान्सचे पैसे उचलते, नाहीतर हिला तुझ्याजवळ मशीनवर बसवते. मुलीचं नाव 'ज्ञ'वरून सुरू होतं आणि दर कागदावर ते वेगळंच आहे. धाकट्या भावाला पुढं इंजिनिअरिंगला कोल्हापूरला जायचंय. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, वाचताना अडखळते. मी यात पुन्हा हात घालू का? घातला तर सुरुवात कुठून करू?

— एक ताई, निपाणी तालुका

ताई,

हात घाला. का, ते आधी सांगतो.

नोकरीची बरीच वर्षं मी एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली. एका वर्षी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडचा एक मुलगा फॉर्म घेऊन आला. सगळे कागद नीट लावलेले, फक्त वडिलांच्या सहीची जागा रिकामी. मी म्हटलं, "सही घेऊन ये, लगेच घेतो." तो बरं म्हणून गेला. मार्चमध्ये याद्या तपासताना लक्षात आलं की त्याचं नाव मंजूर यादीत नाही आणि नामंजूर यादीतही नाही. त्याच्या वर्गातल्या पोरांना विचारलं, तर तो दिवाळीनंतर गोव्याला हॉटेलात कामाला लागला होता. गावी जाऊन सही आणायला दोन एसट्या बदलाव्या लागत होत्या, दोन दिवस मोडत होते, आणि कार्यालयात परत येऊन उभं राहायची त्याला भीती वाटली. मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. तरी त्या मुलाचं शिक्षण माझ्या टेबलावरच थांबलं, हे मी विसरू शकलेलो नाही.

त्या टेबलाच्या आतल्या बाजूनं मी हेच पाहत आलो, की नामंजूर होऊन बुडणाऱ्या पैशांपेक्षा परत आलेला फॉर्म घरात पडून राहिल्यानं बुडणारे पैसे जास्त असतात. तुमच्या तिघांतल्या दोघांचं तेच झालंय. तुम्ही फॉर्म चुकीचे भरले, असं तुमच्या पत्रात मला कुठं दिसत नाही. तुमचं काम सबमिटचं बटण दाबल्यावर थांबलं, एवढंच. ते पैसे खात्यावर पडेपर्यंत चालतं, आणि ही पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची गोष्ट आहे. एक वही करा. दर मुलाला एक पान. अर्जाचा नंबर, कुठल्या पोर्टलवर भरला, कागद आता कोणाकडं आहे, पुढच्या वेळी कधी बघायचं. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी सगळ्यांचं स्टेटस बघा. 'डीबीटी कर्नाटक' हे ॲप मुलांच्या मोबाइलवर घालून द्या, सरकारकडून खात्यावर काय आलं ते त्यात दिसतं.

तुमच्या दुसऱ्या मुलाचा प्रश्न सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार खात्याला जोडण्याचा आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारला जोडलं, असं सगळ्यांना वाटतं. सरकारी पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार नंबर बघून येतात, आणि आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालं त्याच खात्यात जातात. सीडिंग झालंच नसेल तर ते वाटेतच अडकतात. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून बघता येतं, त्याला दोन मिनिटं लागतात. नाही दिसलं तर बँकेत जाऊन सीडिंगचाच फॉर्म मागायचा, नुसती केवायसी नव्हे. बँकेत फेऱ्याच मारायला लावत असतील तर पोस्टात पेमेंट्स बँकेचं खातं उघडून घ्या, ते काम लवकर होतं. मग अर्जाच्या नंबरासह तालुक्याच्या मागासवर्ग कल्याण कार्यालयात जाऊन लेखी सांगायचं, की आता सीडिंग झालंय, पैसे पुन्हा पाठवा. तिसऱ्या मुलीचं गेल्या वर्षीचं आता बहुधा हाती लागणार नाही. पण राज्याच्या शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलवर दर वर्षी अर्ज करायचाच असतो, तेव्हा यंदाचा दरवाजा उघडा आहे. तिला तसं सांगा. गेल्या वर्षी गेलं म्हणजे कायमचं गेलं, अशी तिची समजूत झालेली असणार.

आता या मुलीकडं येतो.

सगळ्यात आधी नाव. 'ज्ञ' हे अक्षर आपल्या भागात किती पोरांच्या वाटेत आडवं येतं! आपण त्याचा उच्चार 'द्न्य' करतो, म्हणून मराठी शाळेतले गुरुजी इंग्रजीत नाव लिहिताना 'डी'नं सुरुवात करतात. कन्नड जाणणारा कारकून तेच नाव 'जे'नं लिहितो. कोणी 'जी'नं. आधारला एक, मार्क्सकार्डाला दुसरं, जातीच्या दाखल्याला तिसरं. त्यात आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. दाखल्यावर कधी आडनाव आधी येतं, कधी वडिलांच्या नावाचं एकच अक्षर उरतं. माणसाला कळतं की ही एकच मुलगी आहे. पोर्टलला कळत नाही.

तेव्हा एक कागद खांब धरायचा. तो एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड. ते बदलणं सगळ्यात अवघड आणि पुढं जन्मभर तेच विचारलं जातं. त्यावर अक्षरन् अक्षर जसं आहे तसं आधार करून घ्या, आणि मग आधारप्रमाणं जात-उत्पन्नाचा दाखला. क्रम उलटा केलात तर दाखला दोनदा काढावा लागेल. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधार केंद्रात मार्क्सकार्ड समोर ठेवून स्पेलिंग टाइप होताना स्वतः बघा, पावतीवर पुन्हा वाचा, मगच उठा.

तिथंच दुसरी गोष्ट उरका. आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय? वडील गेलेल्या घरांत मी कितीदा पाहिलंय, की आधारला वडिलांचाच नंबर असतो आणि ते सिम केव्हाच बंद पडलेलं असतं. ओटीपी जातो तो कोणालाच मिळत नाही. मुलीचा स्वतःचा नंबर जोडा. आईच्या आधारचंही बघून घ्या.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून मिळतो. ग्रामपंचायतीच्या बापूजी सेवा केंद्रातूनही अर्ज करता येतो. तलाठ्याची चौकशी होऊन तो यायला वेळ लागतो, तेव्हा अ‍ॅडमिशनची वाट न बघता आत्ताच टाका. हे काम सकाल कायद्याखाली मुदतीत करून द्यायचं असतं. पावतीवरचा नंबर वहीत उतरवून ठेवा, मुदत उलटली तर त्या नंबरावर अपील करता येतं. दाखल्यावरचा 'आरडी'नं सुरू होणारा नंबर एसएसपीच्या फॉर्मला लागतो. वडील वारल्यावर उत्पन्न आईचं धरायचं आणि दाखल्यावर तसं यायला हवं. जुना दाखला वडिलांच्या उत्पन्नाचा असेल तर तो वापरू नका.

कॉलेजचा वाद. निपाणीकराला अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जाणं म्हणजे गावातल्या गावात गेल्यासारखं वाटतं. पण ते कॉलेज कागल तालुक्यात आहे, महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. निपाणीतली कॉलेजं बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला. दोन्हीकडं शिकून आपली पोरं मोठी झालीत, शिकवण्यात कमी-जास्त काही मी सांगणार नाही. पैशाचा हिशेब मात्र बदलतो. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या मुलगी जिथं शिकेल तिथं तिच्याबरोबर येतात, कॉलेज राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेलं असलं म्हणजे झालं. कर्नाटकच्या योजना मुख्यतः कर्नाटकातल्या कॉलेजांना धरून बसवलेल्या आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना केंद्राच्या नियमानं त्यांच्या मूळ राज्यानं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती द्यायची असते, मग शिक्षण शेजारच्या राज्यात का असेना. ३ बीच्या मुलीनं त्यावर विसंबू नये. ही मुलगी माझी भाची असती तर मी तिला निपाणीत घाल म्हटलं असतं. बी.एस्सी. दोन्हीकडं इंग्रजीतच आहे. मराठी साहित्य घेऊन बी.ए. करायचं असतं, तर कदाचित वेगळं बोललो असतो.

आणि एक मनातलं, कारण चुलत्यांच्या वादात ते असणारच. आपल्या भागात कितीतरी घरांत, कर्नाटकाच्या योजनेचा फॉर्म भरला म्हणजे १९५६ पासून महाराष्ट्रात जायचं जे म्हणत आलो त्यातून काहीतरी सोडून दिलं, अशी रुखरुख असते. मी ती समजू शकतो, माझ्या घरातही ती होती. पण ती आई काडेपेटीपासून तेलापर्यंत जे विकत घेते त्यावर कर भरते, आणि त्याच करातून ही शिष्यवृत्ती येते. ती पोरीच्या हक्काची आहे. चुलत्यांना माझं नाव सांगून हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

पैसे कुठून कुठून येऊ शकतात? पहिल्यांदा आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र बघा. निपाणीत हे कितीदा सुटून जातं! केंद्रीय श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. साध्या पदवीला वर्षाला ६,००० रुपये, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना २५,०००. घराचं उत्पन्न महिन्याला १०,००० रुपयांच्या आत हवं. ठेकेदाराकडून पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळणाऱ्या बायकांचं नाव पुष्कळदा कारखान्याच्या रजिस्टरवरच नसतं, मग कार्ड नसतं. तसं असेल तर विडी कामगारांच्या सरकारी दवाखान्यात आणि कामगार संघटनेत चौकशी करा. ते काम महिन्याभरात होईल असं धरू नका, पण सुरू करा. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगला ते २५,००० उपयोगी पडतील.

दुसरी केंद्राचीच, पदवीच्या मुलांसाठी. ज्या बोर्डातून बारावी झाली त्यातल्या आपल्या शाखेत वरच्या वीस टक्के मुलांत जी असतील आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, त्यांना पदवीची तीन वर्षं १२,००० आणि एम.एस्सी.ला २०,००० वर्षाला. ही फक्त पहिल्या वर्षी नव्यानं घेता येते, म्हणून यंदा चुकवायची नाही. पुढं दर वर्षी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरीवर नूतनीकरण. ही मिळत असताना दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही, तेव्हा मार्कांत बसत असेल तर विडीच्या ६,००० पेक्षा हीच घ्यावी. दोन्हींसाठी राष्ट्रीय पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, ओटीआर म्हणतात, त्यात मोबाइलसमोर चेहरा दाखवावा लागतो. मुलीलाच करायला लावा. मुदत दर वर्षी थोडी इकडं-तिकडं होते, पण दसऱ्याच्या आत फॉर्म कॉलेजच्या नोडल ऑफिसरकडं गेलेला असावा.

राज्याकडून ३ बीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फीची सवलत आहे, उत्पन्नाची मर्यादा त्या वर्षीच्या सूचनेत बघा. वसतिगृहाला अर्ज करून जागा मिळाली नाही, तर जेवण-राहण्यासाठी 'विद्यासिरी' योजनेचे पैसे दहा महिने मिळतात. वसतिगृहाचाच अर्ज न केलेली पोरं इथं मागं पडतात. जाऊन-येऊन शिकायचं ठरलं तरी २०२३ च्या जूनपासून राज्याच्या साध्या बसला मुलींना तिकीट नाही. तीन वर्षांनी ती बेळगावकडं विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली तरी निपाणीहून बसचा खर्च नाही, हे आईला सांगा, तिला धीर येईल. घरी थोडी शेती असेल तर शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ पासूनची रयत विद्यानिधी आहे. तिला आईच्या नावचा फ्रूट्स आयडी, म्हणजे सरकारकडच्या शेतकरी नोंदणीचा नंबर लागतो, आणि वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या पहाणीवर, वारस लागलेत का ते बघावं लागेल. मराठी बोलणारे म्हणून अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती मिळते असं कोणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका, ती धर्मानं अल्पसंख्य असणाऱ्यांसाठी आहे.

फायनान्सच्या पैशाला आईनं हात लावू नये. शिष्यवृत्ती फेब्रुवारी-मार्चला येते आणि त्यांचा हप्ता दर आठवड्याला. या दोहोंचं जमत नाही, आणि हप्त्यासाठी पोरगी मशीनवर बसते ती उठत नाही. त्याऐवजी प्राचार्यांना हप्त्यांनी फी भरू देण्याचा अर्ज द्या, सोबत आईचा उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडा. मी टेबलावर असताना असे अर्ज येत आणि बहुतेक मान्य होत. न मागणाऱ्याला मात्र कोणी आपणहून देत नाही. फी बाकी आहे म्हणून कॉलेज मूळ कागद अडवून ठेवू शकत नाही, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. कर्ज काढायचीच वेळ आली तर बँकेचं शैक्षणिक कर्ज; चार लाखांपर्यंत त्याला तारण मागत नाहीत.

धाकट्याला आत्तापासून सांगून ठेवा: महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला 'टाइप ई' म्हणतात. दहावी किंवा बारावी सीमाभागातून झालेली हवी, मातृभाषेचा आणि गावाचा दाखला हवा, आणि महाराष्ट्राची सीईटी द्यावीच लागते. कर्नाटकाची सीईटीही द्यावी. दोन्हीचे निकाल हातात असले की मग ठरवता येईल.

कन्नडाचं तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंय. एसएसपी इंग्रजीतही उघडतं. आणि कार्यालयातलं कन्नड तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही. अर्जी, दाखले, सही हे तुमचेच शब्द. 'आदाय' म्हणजे उत्पन्न, 'तंदे' वडील, 'तायी' आई, 'विळास' पत्ता, आणि शिष्यवृत्तीला ते 'विद्यार्थी वेतन' म्हणतात. एवढे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तक्रार असेल तर ती मराठीतूनही देता येते, घटनेच्या ३५० व्या कलमानं तो अधिकार दिलाय. पण रोजच्या कामाचा अर्ज शेजारच्या कोणा कन्नड मास्तरांकडून लिहून घेतलात तर दोन फेऱ्या वाचतील, आणि मास्तर नाही म्हणणार नाहीत.

एक मात्र पाळा. पासवर्ड, ओटीपी, आधारच्या झेरॉक्स तुमच्याकडं ठेवू नका. मोबाइल मुलीच्या हातात असावा, तुम्ही शेजारी बसा. वेळ जास्त लागेल. पण पुढच्या वर्षी तीच दुसऱ्या दोघींना शेजारी घेऊन बसेल, आणि कोणी चारचौघांत बोट दाखवलं तर फॉर्म कोणी भरला हे सगळ्यांना ठाऊक असेल.

त्या रागावलेल्या वडिलांकडं मात्र तुम्हीच जा, याच आठवड्यात. माफी मागायला नको. पोराचं पासबुक आणि आधार घेऊन बँकेत बरोबर चला म्हणा. सकाळी बँक उघडायच्या वेळेलाच जा, दुपारी सीडिंगचं काम उद्यावर ढकलतात.